परक्या उन्हात मांडलेला संसार

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या कुटुंबमेळाव्यात केलेले भाषण)



महोत्सव समितीने आम्हांस जो विषय नेमून दिला तो असा : ‘तरुण कुटुंब व उष्ण देशातील नित्याचे जीवन’. तो वाचून आम्हांस प्रथम थोडे हसू आले. वैशाखात ज्या गावाची कौले तव्यासारखी तापतात, त्या गावातील लोकांस उष्ण देशाची ओळख ती काय करून द्यावयाची? त्यातून ज्याने स्वतः कधी संसार मांडला नाही अशा पुरोहिताने संसारावर बोलावे, हे अधिकच धाडसाचे. परंतु समितीचा हेतू आमच्या ध्यानात आला. आपल्या घरांतील तरुण जोडपी नोकरीधंद्यानिमित्त परदेशी जात आहेत. कोणी आफ्रिकेत, कोणी मलायाकडे, कोणी ह्याच्या उलट बर्फाच्या मुलखात. निघताना पेट्या भरण्याची जी घाई असते तिच्यात कित्येक गोष्टी विचारावयाच्या राहून जातात. म्हणून आज उपदेशाची लांबण न लावता आम्ही एकाच कुटुंबाची हकीकत आपणांपुढे ठेवणार आहो. हे कुटुंब थंड देशातून बंगालच्या उन्हात आले, आणि त्याच्या दैनंदिन जीवनाविषयी लेखी पुरावा पुष्कळ उरला आहे. आपली मराठी भाषाही ह्या कुटुंबाची काही अंशी ऋणी आहे. ते ओघाने सांगू.

विल्यम केरी हे नाव आपणांपैकी पुष्कळांनी ऐकले असेल. इंग्लंडातील नॉर्दम्प्टनशायर परगण्यातील हा गृहस्थ. प्रथम जोडे शिवण्याचा धंदा करी, पुढे बाप्टिस्ट मंडळीचा उपदेशक झाला. तो आमच्या मंडळीचा नव्हे. त्याचे धर्ममत व आमचे ह्यांत मोठे अंतर आहे. तो वाद येथे काढण्याचे कारण नाही. आम्हांस आज बोलावयाचे आहे ते मुख्यतः त्याच्या पत्नीविषयी. तिचे नाव डोरोथी. १७८१ साली त्यांचा विवाह झाला. ती नवऱ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी होती, आणि विवाहाच्या नोंदवहीत तिने सहीच्या जागी केवळ खूण केली आहे. केरीने हिंदुस्थानास जाण्याचे ठरविले तेव्हा तिने साफ नकार दिला. तिचे दिवस भरत आले होते. दोन मुली तिने आधीच मातीत ठेवल्या होत्या, आणि स्वतःच्या परगण्याबाहेरचे जग तिला ठाऊक नव्हते. ह्या नकारासाठी जुन्या चरित्रकारांनी तिला पुष्कळ बोल लावले आहेत. आम्हांस तो नकार सरळ व शहाणपणाचा वाटतो.

केरी थोरल्या मुलास, फेलिक्सला, घेऊन जहाजावर चढलाही होता; परंतु कंपनी सरकारचा परवाना नसल्यामुळे त्यास उतरविण्यात आले. मग पुनः घरी येऊन आर्जवे झाली. सोबतीच्या डॉक्टर थॉमसने तर दुसऱ्यांदा फिरून जाऊन, तू न आलीस तर जन्मभर पस्तावशील, असे तिला बजावले. अखेर धाकटी बहीण कॅथरिन बरोबर येत असेल तर येईन, असे ती म्हणाली. एवढा मोठा निर्णय एका दिवसात झाला, आणि सामानाची बांधाबांधही तशीच. १३ जून १७९३ रोजी डोव्हर येथून एका डॅनिश जहाजावर हे बिऱ्हाड निघाले : नवराबायको, मेहुणी, आणि चार मुलगे. थोरला सात वर्षांचा. धाकटा जेबेझ काही आठवड्यांचा. पाच महिने समुद्रावर काढून ११ नोव्हेंबर रोजी मंडळी कलकत्त्यास पोहोचली.

नोव्हेंबर महिना बंगालात फसवा असतो. हवा कोरडी, पहाट गार, आकाश स्वच्छ. नव्या माणसास वाटते, ह्यालाच का लोक उष्ण देश म्हणून भितात! शरीर उन्हास सरावते ते तसे लौकर, दहा-पंधरा दिवसांत घाम सुटण्याची रीत बदलते आणि माणूस कामास लागतो. पोट मात्र तितक्या लौकर सरावत नाही. अन् मन? त्याचा हिशेब कोणत्याही वैद्याच्या वहीत नाही.

पैसा थॉमसच्या हाती होता. तो थोड्याच आठवड्यांत संपला. कलकत्त्याचे भाडे परवडेना म्हणून मंडळी हुगळीकाठी बांडेल येथे गेली. (तेच बांडेल, जेथील पोर्तुगीज ऑगस्तिनियन मठवासीयांचे देऊळ १५९९ सालचे म्हणून प्रसिद्ध आहे.) तेथून पुनः कलकत्ता. मग मानिकतळ्यास एका बंगाली सावकाराने आपल्या बागेतील लहानसे घर राहण्यास दिले. मग सुंदरबन. मग मालद्याच्या उत्तरेस मुदनाबाटी. सात महिन्यांत पाच-सहा बिऱ्हाडे, आणि प्रत्येक ठिकाणी चूल नव्याने मांडावयाची. पाणी कोठले, सरपण कोठले, दूध कोणाकडे, हे सर्व प्रत्येक वेळी पहिल्यापासून. त्याच काळात डोरोथी व फेलिक्स आमांशाने अंथरुणास खिळली होती, आणि तिच्या कडेवर अंगावर पिणारे मूल होते.

केरीने रोजनिशी ठेविली होती. १७९४ सालच्या आरंभीच्या नोंदींत तो लिहितो की पत्नी व मेहुणी एकसारखी कुरकुर करतात. थॉमस शहरात सुखाने राहतो आणि आपणांस मात्र ह्या रानात आणून टाकले, येथे जीवनास लागणाऱ्या साध्या गोष्टीही मिळत नाहीत, विशेषेकरून पाव मिळत नाही, असे त्यांचे म्हणणे. केरीच्या नोंदीचा सूर असा की बायकांस कार्याचे महत्त्व समजत नाही. बंधुभगिनींनो, ह्या पावाच्या गोष्टीपाशी आम्हांस थोडे थांबावेसे वाटते. आपल्यापैकी ज्या भगिनी परदेशी राहून आल्या आहेत त्यांस विचारा. पहिल्या वर्षी ज्याची आठवण जीव व्याकुळ करते ते बहुधा मोठे काही नसते. तांदळाची भाकरी असते, सुक्या बोंबलाचा वास असतो. आजारी मुलास आपल्या गावी जे भरविले असते ते हाताशी नाही, आणि जे हाताशी आहे ते कसे शिजवावे हे ठाऊक नाही, अशा स्थितीत आई स्वयंपाकघरात परकी होते. पुरुषास हे सहसा कळत नाही, कारण तो ताटावर येऊन बसतो. डोरोथीला पाव हवा होता ह्याचा अर्थ तिला चैन हवी होती असा मुळीच नव्हे. लहानपणापासून जे एक काम ती न चुकता करू शकत होती ते तिच्या हातून गेले होते.

सुंदरबनात देभट्टा नावाचे ठिकाण आहे. हल्ली ते बांगलादेशच्या सातखिरा जिल्ह्यात मोडते. मंडळी नावेतून तेथे पोहोचली तेव्हा शिधा एका दिवसाचा उरला होता. वस्ती विरळ, सभोवार खारे पाणी, आणि वाघांची भीती खरोखरीची. तेथे मिठाच्या खात्यावरील चार्ल्स शॉर्ट नावाचा एक इंग्रज अंमलदार भेटला. धर्माच्या गोष्टींत त्यास फारसा रस नव्हता. परंतु त्याने ह्या अनोळखी सात माणसांस आपल्या घरी नेले आणि हवे तितके दिवस रहा म्हणून सांगितले. पुढे कॅथरिन तेथेच मागे राहिली व तिने शॉर्टशी लग्न केले. तिचे कल्याण झाले ह्याचा आनंद आहेच. परंतु जिच्या भरवशावर डोरोथीने समुद्र ओलांडला होता ती सोबत सातव्या महिन्याच्या आतच संपली.

जून १७९४ मध्ये केरीस मुदनाबाटी येथे निळीच्या कोठीवर व्यवस्थापकाची जागा मिळाली. महिना दोनशे रुपये पगार. राहावयास पक्के घर. लोक म्हणतात, ‘एकदा नोकरी लागली, घर मिळाले, की सगळे ठीक होते.’ येथे तसे झाले नाही. टांगन नदीकाठचा तो सखल मुलूख पावसाळ्यात पाण्याखाली जाई. पाऊस सरता सरता केरीस हिवतापाने गाठले. त्याच्यामागून ऑक्टोबरात पाच वर्षांचा पीटर आमांशाने आजारी पडला, आणि गेला.

पुढची गोष्ट सांगावयास जड वाटते. मुलाची पेटी करावयास कोणी मिळेना. खड्डा खणण्यास जातीच्या भयाने कोणी धजेना. शेवटी चार मुसलमान गृहस्थ खणावयास तयार झाले. तेव्हा गावच्या पुढाऱ्याने त्यांच्याशी कोणी खाऊपिऊ नये व हुक्काही ओढू नये असे फर्माविले. तापातून नुकत्याच उठलेल्या बापास त्या चौघांसाठी पुनः रदबदली करावी लागली. आपल्या गावात मरण आले तर न बोलावता शेजार जमतो. पेटी कोणी आणली, खड्डा कोणी खणला, ह्याची चौकशी शोकात बुडालेल्या घरास करावी लागत नाही. हा शेजार परदेशी बरोबर नेता येत नाही, तो तेथे नव्याने मिळवावा लागतो आणि त्यास वेळ लागतो. डोरोथीस तो वेळ मिळाला नाही.

आता थोडे रोगांविषयी, कारण तरुण आयांस त्याचा उपयोग आहे. हिवताप डासापासून येतो हे त्या काळी कोणास ठाऊक नव्हते. दलदलीची वाईट हवा बाधते असा समज होता. रोनाल्ड रॉस ह्यांस सिकंदराबाद येथे डासाच्या पोटात त्या रोगाचे जंतू सापडले ते १८९७ साली, म्हणजे पीटरच्या मरणानंतर शंभरावर वर्षांनी. आमांशात व पटकीत मूल दगावते ते पुष्कळदा अंगातील पाणी व क्षार निघून गेल्यामुळे. हे साधे पाणी तोंडावाटे भरून काढता येते ह्याचा ठळक प्रत्यय आला तोही बंगालमध्येच : १९७१ साली बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत डॉक्टर दिलीप महालनबीस ह्यांनी शिरेतून देण्याचे औषध संपल्यावर साखर, मीठ व सोडा मिसळलेले पाणी पिंपांतून वाटले, आणि पटकीच्या मृत्यूंचे प्रमाण शेकडा तीसच्या जवळपास होते ते चारच्या खाली आले. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ, एवढे प्रत्येक आईने पाठ करावे. आणि शौचात रक्त दिसले तर घरच्या उपायांवर न विसंबता डॉक्टरांकडे धावावे. आफ्रिकेतील कित्येक देशांस जाणाऱ्यांनी पीतज्वराची लस निदान दहा दिवस आधी टोचून घ्यावी लागते. आणखी एक गोष्ट फारशी कोणास ठाऊक नसते. हिवतापाच्या मुलखात वाढलेल्या माणसाच्या अंगी त्या रोगास तोंड देण्याची काही शक्ती येते, ती बाहेर राहिल्याने काही वर्षांत ओसरते. तेथे जन्मलेल्या मुलांस तर ती मुळीच नसते. म्हणून पावसाळ्यात आजोळी आलेल्या नातवंडांस मच्छरदाणीविना निजवू नये, आजीने कितीही सांगितले, ‘आम्हांला कधी काही झाले नाही,’ तरी.

पीटरच्या मरणानंतर काही महिन्यांतच, १७९५ साली, डोरोथीच्या मनाचा तोल गेला. नवऱ्याविषयी भलते संशय तिला ग्रासू लागले. त्याच्या जिवावर उठण्यापर्यंत मजल गेली. त्याच अवस्थेत १७९६ च्या आरंभी तिने जोनाथनला जन्म दिला. बारा वर्षे हा आजार टिकला. पुढे पुढे तिला खोलीत बंद ठेवावे लागे. एका खोलीत तिचा आक्रोश आणि शेजारच्या खोलीत केरी भाषांतरात गढलेला, असे त्याच्या सहकाऱ्यांनी लिहून ठेविले आहे.

मनाच्या आजारास एकच कारण दाखविणे हे अडाणीपणाचे होईल; ते आम्ही करणार नाही. दोष केवळ हवेवरही टाकता येत नाही. ह्याच केरीची दुसरी पत्नी शार्लोट रूमोर ही प्रकृतीने दुबळी असल्यामुळे उष्ण हवा मानवेल म्हणून मुद्दाम डॅनिश अंमलातील श्रीरामपुरास येऊन राहिली होती, आणि तिला ती मानवली. मग त्या एकाच घरात नवरा तगला व बायको खचली, ह्यात पाहण्यासारखे काय आहे? आम्ही ती रोजनिशी व पत्रे चाळताना असे पाहिले की केरीस बाहेर पडावयास पुष्कळ वाटा होत्या. कोठीचे काम होते. रामराम बसू नावाचा मुन्शी सोबत होता, त्याच्याशी रोज बंगालीचा अभ्यास चाले. बागेची हौस होती. इंग्लंडहून बी-बियाणे व शेतीची अवजारे तो पत्रांतून मागवी. विलायतेतील मित्र त्याच्या पत्रांची वाट पाहत. डोरोथीकडे ह्यांपैकी काय होते? जिने नोंदवहीत खूण केली तिला पत्रांचा आधार किती, हे आपणच समजून घ्यावे. आणि लिहिले तरी उत्तर येण्यास वर्षाहून अधिक काळ लागे. बहीण दूर गेली, पीटर गेला. आजूबाजूस बोलणारी माणसे शेकडो, पण आपले दुःख कळेल असे एकही नाही. घरकाम हा तिचा आधार, तर बंगालात ते काम जातवारीने वाटलेल्या चाकरांच्या हाती. जो शिजवील तो झाडणार नाही, जो झाडील तो पाणी आणणार नाही.

हेच कुटुंब १० जानेवारी १८०० रोजी श्रीरामपुरास आले तेव्हा तेथील व्यवस्था निराळी होती. आदल्या ऑक्टोबरात नव्या कुटुंबांचा एक जथा इंग्लंडहून येऊन उतरला होता. सर्वांनी मिळून नदीकाठी मोठे घर घेतले, एकत्र पंगत, एकत्र खर्च. ह्या जथ्यासही उष्ण देशाने सोडले नाही. ग्रांट नावाचा तरुण उतरल्यापासून तीन आठवड्यांच्या आत वारला, ब्रन्सडन दुसऱ्या वर्षी. परंतु मागे राहिलेल्यांस सांभाळावयास माणसे होती. त्यांतच हॅना मार्शमन ही गृहिणी होती. तिने शाळा काढून घरखर्चास हातभार लावला, आणि केरीच्या रानोमाळ वाढलेल्या मुलांस वळण लावले ते मुख्यतः तिनेच. ती १८४७ पर्यंत त्याच देशात जगली. ती धीराची बाई होती हे खरेच. परंतु एक भेद विसरू नये. हॅना सोबतीत आली. डोरोथीने सहा वर्षे सोबतीविना काढली, आणि श्रीरामपुरास पोहोचेपर्यंत तिच्यापुरता फार उशीर झाला होता. ८ डिसेंबर १८०७ रोजी ती तेथेच तापाने वारली.

मराठीच्या ऋणाची गोष्ट आता सांगतो. केरीने १८०१ साली ‘कथोपकथन’ नावाचे बंगाली पुस्तक छापले. त्यात चाकर, बाजारकरी, बायका ह्यांची रोजची बोलणी आहेत, भांडणेसुद्धा. १८०५ साली त्याने मराठी भाषेचे व्याकरण श्रीरामपुराहून प्रसिद्ध केले, त्यासही नित्याच्या विषयांवरील संवाद जोडलेले आहेत; आणि १८१० साली मोडी लिपीत मराठी शब्दकोश काढला. ह्या मराठी कामात त्यास वैजनाथ शर्मा नामक पंडितांचे साहाय्य होते. परक्या मुलखात पाय रोवावयाचा तर बाजाराची व शेजारची बोली आधी हवी, हे केरीस पक्के समजले होते, आणि त्याने ती कंपनीच्या तरुण अंमलदारांसाठी पुस्तकांत घातली. दूधवाल्यास काय म्हणावे, पोर आजारी आहे हे शेजारणीस कसे सांगावे, ही वाक्ये त्या घरात सर्वांत आधी कोणास हवी होती, हे वेगळे सांगावयास नको. मुलांनी मात्र ती पुस्तकाविना उचलली. फेलिक्स पुढे बंगालीत ग्रंथ लिहिण्याइतका तयार झाला.

आता आपल्या घरांकडे वळू. आजची सोय पुष्कळ आहे. मालाड-बोरिवलीच्या भावंडाशी बोलावे तसे माणूस नैरोबीहून आईशी समोरासमोर बोलतो. तरीही नोकरीचा कागद बहुधा एकाच्या नावाने येतो, आणि दुसरे माणूस त्याच्यामागून जाते. त्या दुसऱ्या माणसास आधी विचारले होते काय, आणि नाही म्हटले तर ते ऐकून घेतले होते काय, एवढे आम्ही विवाहपूर्व वर्गातही हल्ली विचारू लागलो आहो. घर पाहताना कामाच्या जागेचे अंतर सर्व मोजतात. पायी जाता येईल असा बाजार, आपल्या भाषेचे एखादे घर, मुलांस खेळावयास सोबती, ही अंतरेही मोजावीत. पहिल्या वर्षी शक्य तो घर बदलू नये. बाई शिकलेली असून तेथे तिला नोकरीची परवानगी नाही, असे पुष्कळ देशांत घडते. मग तिच्या दिवसाचे काय, ह्याचा विचार विमानात बसण्यापूर्वी व्हावा. आणि ती गप्प राहू लागली, जेवेनाशी झाली, रात्री जागू लागली, तर ‘हवा मानवत नाही’ म्हणून सोडून न देता डॉक्टरास दाखवावे. मनाच्या आजारास आज उपचार आहेत, डोरोथीच्या काळी कुलूप होते.

आपल्या धर्मग्रामातील सहा-सात भगिनी आफ्रिकेत, मस्कतेस व सिंगापुरास संसार करून परत आल्या आहेत. आम्ही त्यांस विनंती केली आहे, व त्या चहानंतर शाळेच्या पहिल्या वर्गात बसणार आहेत. ज्या तरुण सुना लवकरच निघणार आहेत त्यांनी तेथे जाऊन मसाला किती न्यावा येथपासून बाळंतपण कोठे करावे येथपर्यंत हवे ते विचारावे. ती माहिती आमच्यापाशी नाही. पुरुषमंडळींनी तोवर मुलांस सांभाळावे. मैदानावर सावली आहे, आणि पिण्याचे पाणी उकळून ठेविलेले आहे.